एकनाड, गोत्र आणि सिकलसेल

नागपुरात आजही कितीतरी घरांत सोयरिकीची बोलणी पत्रिकेपासून सुरू होतात आणि एकनाड, म्हणजे दोघांची नाड एकच, निघाली की तिथेच मोडतात. संतती धड निपजत नाही, हे कारण. अलीकडे त्यावर विज्ञानाचा मुलामा चढला आहे: नाड म्हणजे पूर्वजांची जनुकचाचणीच म्हणे!

तसे असते तर सख्ख्या भावंडांची नाड हमखास एक निघाली असती. नाड ठरते जन्मवेळच्या चंद्रनक्षत्रावरून आणि चंद्र साधारण रोज नक्षत्र बदलतो. भाऊ आद्य नाडीचा, बहीण मध्य नाडीची, असे सर्रास होते. मामेबहिणीशीही नाडीचे आठ गुण पूर्ण जुळू शकतात! गोत्र तर फक्त बापाकडून चालते. म्हणून चुलतबहीण वर्ज्य आणि मामेबहीण अनेक समाजांत हक्काची. जनुकांच्या हिशेबात दोघी सारख्याच जवळच्या.

नात्यातल्या लग्नाने मूल अधूच होते, हेही खरे नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला 11,000हून अधिक बाळांची पाहणी झाली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चुलत-मावस-मामे नात्यातल्या विवाहांत जन्मजात व्यंगाचे प्रमाण शेकडा 3 वरून 6 वर गेले. दुप्पट, पण उरलेली 94 निर्व्यंगच. धोका खरा वाढतो तो दुर्मीळ आजारांत, कारण नवरा-बायकोच्या सामाईक आजोबांकडचे एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी बाळापर्यंत पोचते.

विदर्भाची अडचण वेगळीच आहे. मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळत असल्याने सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाचे जनुक इथल्या दलित, आदिवासी आणि काही इतर मागास जातींत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. जातीतच लग्न, त्यामुळे दूरदूरचे नाते नसलेले नवरा-बायकोही दोघे वाहक, म्हणजे एकेक सदोष जनुक बाळगणारे, निघतात. मग प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. 'पहिले आजारी निघाले, आता पुढची तिघे सुखरूप' हा हिशेब चुकीचा. दर खेपेला फासा नव्याने पडतो.

नागपूरच्या संपत रामटेके यांनी अशा रुग्णांसाठी संघटना बांधली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2023 पासून केंद्राची मोहीमही चाळिशीपर्यंतच्यांची तपासणी करते. तपासणीला लागते थेंबभर रक्त. ते द्रावणात टाकतात आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा पाहतात. रेघा दिसल्या तर सिकलसेल नाही. द्रावण गढूळ होऊन त्या झाकल्या गेल्या तर संशय, आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची चाचणी. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या दोषाचा वाहक त्या पहिल्या नळीत सापडत नाही, म्हणून लग्नाआधी पुढची चाचणीही करावी.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. तरी मुलीचा अहवाल दडवला जातो, स्थळ हातचे जाईल म्हणून. वास्तविक जोडीदार सिकलसेलचा किंवा थॅलेसेमियासारख्या दुसऱ्या हिमोग्लोबिनदोषाचा वाहक किंवा रुग्ण नसेल, तर तिच्या मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. फार तर काही वाहक होतील. हे तिच्या आईबापांना कोणत्याही पत्रिकेवरून कळणार नाही.