बर्गरचं सोवळं

1996 साली दिल्लीच्या वसंत विहारात मॅकडोनाल्डचं पहिलं दुकान उघडलं. गाईच्या मांसावर जगभर धंदा वाढवलेल्या कंपनीनं इथं गाय वगळली, बिग मॅकचा महाराजा मॅक केला, आत मटण घातलं. शाकाहारी स्वयंपाक वेगळा, भांडी वेगळी, रांधणाऱ्याला हिरवा अ‍ॅप्रन. आपल्यातलेच काही शहाणे म्हणायचे, बाहेरचं भांडवल आलं की जात वितळेल. च्यायला, वितळतेय कुठं! साहेब उतरला आणि पहिल्यांदा सोवळंच नेसला.

2001 ला कळलं, अमेरिकेतल्या फ्राईजला चवीसाठी गाईचा अर्क लावतात. इथल्या फ्राईजमध्ये तो नव्हता. तरी ठाण्यात दुकान फोडलं, मुंबईत कंपनीच्या जोकराला शेण फासलं. ज्या शेणानं घर पवित्र करायचं तेच दुसऱ्याला बाटवायला! सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलं तेही हेच. कंपनीनं माफी मागितली. 2002 ला अमेरिकेत एक कोटी डॉलरवर तडजोड झाली, त्यातले साठ लाख शाकाहारी संस्थांना.

त्याच 2002 च्या ऑक्टोबरात हरियाणात झज्जरजवळ दुलिन्याच्या पोलीस चौकीपाशी पाच दलितांना जमावानं ठेचून मारलं. का, तर गाईचं कातडं. 2016 ला उन्यात मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून फोडलं. मेलं ढोर ओढायचं काम आमच्या गळ्यात कुणी बांधलं होतं? भावना दुखावली की कंपनीशी वाटाघाट आणि आमच्या पाठीवर सळई.

मी गोदीत राबतो. न्हावाशेव्यातून म्हशीचं मांस रीफर कंटेनरात गोठून परदेशी जातं, डॉलर येतात. म्हैस दूध देते, पण काळी, म्हणून आई न्हाई. 2015 च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैलही बंद झाला. गरिबाचं स्वस्त मांस गेलं, म्हातारा बैल दावणीला ठेवून कुणबी बुडाला.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच 1927 ला महाडात मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. सांगितलं ना! ते आम्ही माणूस म्हणून ताठ उभं राहायला सोडलं, तुमच्या गाईसाठी न्हाई. आज्जी दोरीवर चान्या वाळवायची, त्याची मला लाज वाटत न्हाई. आमच्या चुलीवरचं झाकण उचलून बघायला येणाऱ्यांनी आधी एखादा कंटेनर उघडून दाखवावा.