दैवाच्या नावावर

हल्ली कॉलेजातली मुलं ‘आयरनी बघ ना’ असं सर्रास म्हणतात. बस चुकली, आयरनी. छत्री घरी राहिली आणि नेमका पाऊस आला, आयरनी. दोघी मैत्रिणी न ठरवता एकाच रंगाचा कुर्ता घालून आल्या, तीही आयरनीच. पहिली गैरसोय, दुसरी फजिती, तिसरा योगायोग. तिन्हींसाठी मराठीत चांगले शब्द आहेत. पण मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण मोठी माणसंही तेच करतात. त्यांचा शब्द भारदस्त असतो, एवढंच. वर्तमानपत्रात आणि व्यासपीठावर तो ‘दैवदुर्विलास’ होऊन येतो, किंवा हिंदी बातम्यांच्या वळणाने ‘विडंबना’ होऊन. मराठी माणसाला विडंबन म्हटल्यावर आधी अत्र्यांची १९२५ सालची ‘झेंडूची फुले’ आठवायला हवीत, पण तो वेगळा विषय.

शब्दांचे अर्थ सरकतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘शोकांतिका’ हा मुळात नाटकाचा प्रकार. आज तुंबलेल्या गटारालाही तो शब्द लावतात, आणि काय म्हणायचंय ते ऐकणाऱ्याला कळतं. आयरनीच्या बाबतीत मात्र मला गप्प बसवत नाही. तो शब्द एका विशिष्ट गाठीसाठी आहे. माणूस एखादी गोष्ट साधावी म्हणून धडपडतो आणि त्या धडपडीतूनच नेमकं उलटं घडतं, ही ती गाठ. नुसतं वाईट घडलं की झालं, असं नाही. ज्या हाताने बांधलं त्याच हाताने मोडावं लागतं.

भस्मासुराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने तप केलं, शंकराला प्रसन्न करून घेतलं आणि वर मागितला: ज्याच्या डोक्यावर मी हात ठेवीन तो भस्म व्हावा. वर मिळताच तो वर देणाऱ्याच्याच मागे लागला. मग मोहिनी आली. ती नाचू लागली तसा हाही तिच्यासारखे हातवारे करत नाचू लागला. तिने हात स्वतःच्या डोक्यावर नेला, यानेही नेला. त्याला कुणी बाण मारला नाही, शाप दिला नाही. तपाने कमावलेली ताकद त्याची, हात त्याचा, डोकंही त्याचंच. इतकी नेमकी गोष्ट हाताशी असून आपण ‘महागाईचा भस्मासूर’ असं लिहितो, म्हणजे नुसता मोठा राक्षस. प्लास्टिकला ते नाव खरं शोभतं. आपल्या सोयीसाठी आपणच ते घडवलं, कधीही न कुजण्याचा वर आपणच दिला आणि आता ते आपल्याच मागे लागलं आहे.

दुःख आणि आयरनी यांची गल्लत कशी होते याचं उदाहरण आपल्या रंगभूमीच्या इतिहासातच आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले. त्यांचं ‘एकच प्याला’ त्यानंतरच्या महिन्यात बडोद्याला रंगमंचावर आलं. बालगंधर्वांची सिंधू गडकऱ्यांनी पाहिलीच नाही. याला दैवदुर्विलास म्हणायचा मोह होतो. मला ते फार मोठं दुःख वाटतं, आणि दुःख एवढाच शब्द त्याला पुरेसा आहे. गाठ आहे ती नाटकाच्या आत. सुधाकर बुद्धिमान वकील, मानी माणूस. भर कोर्टात अपमान होतो, काही काळापुरती सनद जाते, ते त्याच्या जिव्हारी लागतं. तो अपमान विसरायला म्हणून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. एक अपमान न सोसणारा हा माणूस पुढे रोजच्या अपमानाला सरावतो, आणि तिथवर त्याला नेणारा त्याचा स्वाभिमानच असतो. सिंधूचे हाल पाहून आपण रडतो, पण सुधाकरच्या बाबतीत आपल्याला भीती वाटते.

आयरनीचा दुसरा प्रकार म्हणजे उलट अर्थाचं बोलणं, आणि त्या बाबतीत तर आपले कान तयार आहेत. निकाल लागल्यावर आई म्हणते, ‘काय दिवे लावलेस!’ पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की दिव्यांचा इथे काही संबंध नाही.

भस्मासुराची काय किंवा सुधाकरची काय, गाठ माणूसच बांधतो. म्हणूनच ‘दैवदुर्विलास’ या शब्दातला ‘दैव’ मला सर्वांत जास्त खुपतो. ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घ्या. १८९२ सालचं तानसा, मोडकसागर आणि मुंबईला निम्म्याच्या आसपास पाणी देणारं भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. पावसाळ्यात तिथे धो-धो कोसळतं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. टँकर विहिरीत रिकामा होतो, बाया कठड्यावर दाटी करून दोराने कळशा ओढतात आणि हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून ते गढूळ पाणी गाळून घेतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा मराठी वाचकाला पाठ आहे.

कुणी म्हणेल, इथे तर शब्द बरोबर लागला. गाठ खरीच आहे: पाणी साठवायला ज्या भागातल्या लोकांच्या जमिनी गेल्या, त्याच भागाला पाणी नाही. पण त्यात दैव कुठे आलं? धरणाचं पाणी खाली शहराकडे जातं. अनेक पाडे धरणाच्या पातळीपेक्षा उंच टेकड्यांवर आहेत. खाली कातळ, त्यामुळे पाऊस मुरत नाही, वाहून जातो. पाणी वर चढवायचं तर पंप, वीज, टाक्या आणि वर्षानुवर्षांची देखभाल लागते, म्हणजे पैसा आणि निर्णय लागतो. किंवा उंचावरच्या धरणातून उताराने पाणी आणावं लागतं. इगतपुरीच्या बाजूच्या भावली धरणावरून तशी योजना आखलेलीही आहे. महानगराचे नळ आधी आणि पाडे नंतर, हा क्रम माणसांनी लावला. त्याला दैवदुर्विलास म्हटलं की वाचक हळहळतो, पान उलटतो, आणि हा क्रम कुणी लावला हे विचारायचं राहून जातं.

पुढच्या एप्रिलमध्ये ही बातमी पुन्हा लिहिली जाईल. लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दैवाला त्यातून वगळा. त्या पाड्यासाठी कोणती योजना मंजूर आहे, ती कोणत्या टप्प्यावर अडली आहे आणि कुणाच्या सहीसाठी थांबली आहे, ते लिहा. त्यासाठी दोन ओळी जास्त लागतील, त्या द्या.