डॉक्टरसाहेब, आमच्या दादाच्या नडगीबद्दल

डॉक्टरसाहेबांस,


सावद्याहून लिहितो आहे. अपघातात दादाच्या नडगीचं हाड बाहेर आलं, तेव्हा तुम्हीच सळई टाकून पाय वाचवलात. ते उपकार आम्ही विसरलो नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

टाक्यांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढं तोंड पडलं. म्हातारी माणसं नासूर म्हणू लागली. ते बुजलं की पाय ठणकायचा, ताप चढायचा. फुटलं की पू वाहायचा आणि दादाला हायसं वाटायचं. दर वेळी तुम्ही वरचा पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवलात, गोळ्या बदलल्यात, सलाईन लावलीत. एकदा भरल्या दवाखान्यात म्हणालात, “केळीच्या चिखलात वावरता, पट्टी नीट ठेवत नाही, मग असंच होणार.” घड वाहणाऱ्याने चिखल टाळायचा कुठे? दादा मान खाली घालून उठला. तेव्हापासून तो घरातही पाय झाकून बसतो.

मोठ्या शहरात गेल्यावर कळलं, ही हाडातली जुनी लागण. रक्त न पोहोचलेला हाडाचा तुकडा आत मरून पडतो, जंतू सळईवर थर धरतात, तिथवर औषध पुरतं पोहोचतच नाही. नासुराच्या तोंडावर कातडीचे भलतेच जंतू असतात. १९७८ सालच्या अमेरिकी अभ्यासातही वरच्या पुवात खरा जंतू निम्म्याहून कमी वेळा सापडला होता. शहरातल्या डॉक्टरांनी आधी दोन आठवडे दादाचं अँटिबायोटिक बंद ठेवलं. शस्त्रक्रियेत हाडाचे नमुने चार-पाच जागांहून घेऊन कल्चरला दिले, क्षयाचीही तपासणी केली. सळई आणि मेलेलं हाड काढून पोकळीत औषधाचे मणी भरले. मग नेमक्या जंतूवरचं औषध सहा आठवडे, तेही बरंचसं गोळ्यांनी. ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २०१९ मध्येच दाखवलं होतं, की अशा दुखण्यात गोळ्या शिरेतल्या औषधाहून कमी पडत नाहीत. इकडे आम्ही सलाईनपायी कर्ज काढत होतो.

हे सगळं तुमच्याकडे होत नसेल, त्याबद्दल तक्रार नाही. ‘पुढे दाखवा’ एवढी चिठ्ठी दिली असतीत तर आम्ही उसनवारी करून लगेच गेलो असतो. चिठ्ठी दिली नाहीत. दोष मात्र दादाच्या माथी मारलात. तो आजही तुम्हाला नावं ठेवू देत नाही. मला ते मोठेपण जमत नाही.

वाहतं तोंड घेऊन पुढचा मजूर येईल, तेव्हा त्याच्या पायाचा चिखल बघण्याआधी हाडाचा विचार करा. आणि चिठ्ठी वेळेत द्या.

आपला,
रुग्णाचा धाकटा भाऊ
सावदा, ता. रावेर