करंट जास्त दिसला की सगळे खूश

कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतला, आयनांना वेग देणारा पेलेट्रॉन बघायला येणारे लोक 1 कोटी 40 लाख व्होल्टचा आकडा ऐकून थक्क होतात. बीमलाइनच्या टोकाला असलेल्या फॅरेडे कपाकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. धातूचा खोलगट कप, मागे एक वायर आणि करंट मोजणारं यंत्र, बस्स. पण लक्ष्यावर किती आयन पडले हे तोच सांगतो, आणि त्या संख्येने भागल्याशिवाय डिटेक्टरच्या मोजणीला काडीचा अर्थ नसतो. सहा धनभारांच्या कार्बन-आयनांचा 10 नॅनोअँपिअर बीम म्हणजे सेकंदाला साधारण 1000 कोटी आयन. तेच पाच भारांचे धरले, तर संख्या थेट 20 टक्क्यांनी फुगते.

खरी मेख पुढेच आहे. आयन कपाच्या तळावर आपटले की धातूतून इलेक्ट्रॉन उडतात. ऋणभार बाहेर निसटला की मीटरच्या लेखी धनभार जास्त आला! म्हणून कपाच्या तोंडाशी एक कडं बसवून त्याला काहीशे ऋण व्होल्ट देतात. इलेक्ट्रॉन मुकाट मागे फिरतात. हा सप्लाय चालू करायचा राहिला, तर करंट जास्त दिसतो. रात्रपाळीला वर चढलेला आकडा पाहून तपासायला उठतो कोण? ‘आज बीम झकास आहे’ म्हणत चहा मागवला जातो.



आता मी कॉलेजात शिकवते. हवा तो आकडा दिसला की तपासायचं नाही, ही सवय तिथेही आहे. टीवायबीएस्सीच्या प्रॅक्टिकलला मुलं आधी उत्तर बघतात, मग रीडिंग ‘बसवतात’. जर्नलात ‘सोर्सेस ऑफ एरर’खाली दरवर्षी तीच तीन वाक्यं, आणि खाली आमची सही. माझं म्हणणं एवढंच, की परीक्षेत एक मीटर मुद्दाम शून्य सरकवून ठेवावा, आणि ही चूक जो पकडेल त्याला उत्तर न काढताही पूर्ण गुण द्यावेत. एका बैठकीत हे मांडलं, तर ‘मॅडम, निकाल खाली येईल’ म्हणून विषय गुंडाळला गेला. येऊ दे की एखाद्या वर्षी. मीटर बिघडवायचं काम मी स्वतः करीन.