पाठ केलेले स्वमत

अकरावीचे वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आम्ही मुलांना एक छोटा निबंध लिहायला देतो. दहावीतून मुले काय घेऊन आली आहेत याचा अंदाज यावा, एवढाच त्यामागचा हेतू. एका वर्षी विषय दिला होता ‘पाणी’. शहापूर-मुरबाडच्या मुलांना याहून जवळचा विषय कोणता असणार? तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. तरीही बहुतेक वह्यांत निबंधाचा आरंभ ‘पाणी हेच जीवन आहे’ असा आणि शेवट दात घासताना नळ बंद ठेवण्याच्या आवाहनाने झालेला होता.

कसाऱ्याकडच्या एका पाड्यावरून येणाऱ्या मुलाच्या वहीतही तो नळ होता. त्याच्या घरी नळ नाही, हे आम्हांला ठाऊक होते. तास संपल्यावर त्याला विचारले, तेव्हा तो हळूहळू बोलू लागला. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरावे लागते, झऱ्याचे पाणी साचेपर्यंत थांबावे लागते, मग ते वाटीने हंड्यात भरायचे. नंबर लागावा म्हणून आई पहाटेच्या आधीच निघते. हे सगळे निबंधात का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘सर, असलं निबंधात चालतं?’’

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर शाळेने दहा वर्षांत दिलेले नव्हते, किंवा न बोलता ‘नाही’ असेच दिलेले होते.

वास्तविक, आजच्या परीक्षेची रचना या ‘नाही’च्या बाजूची नाही. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली ती पाठांतराला आळा बसावा म्हणूनच. दहावीच्या ‘कुमारभारती’ची लेखी परीक्षा 80 गुणांची. त्यांतले 24 गुण उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र किंवा सारांश, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांना आहेत. गद्य-पद्य विभागांत ‘स्वमत’ आणि ‘अभिव्यक्ती’ आहे, कवितेच्या ओळींचे रसग्रहण आहे. कागदावर याहून वेगळे काय मागावे? पण बाजार आमच्यापेक्षा चपळ निघाला. गाइडांमध्ये आता स्वमतही तयार मिळते. ‘तुमचे मत लिहा’ या सूचनेखाली छापलेले मत हजारो मुले पाठ करतात, आणि ते मत आपले नाही हे कुणालाच खटकत नाही.

रसग्रहणाचे तर अधिकच विचित्र झाले आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे मुळात कवितेकडे तीन बाजूंनी पाहता यावे यासाठी आहेत. प्रत्यक्षात ते तीन रकाने झाले. प्रत्येक कवीची भाषा ‘साधी, सोपी व ओघवती’, प्रत्येक कवितेतील प्रतिमा ‘समर्पक’, आणि रस ओळखता आला नाही की तो ‘शांत’. कविता बदलली तरी उत्तर बदलत नाही. म्हणजेच कविता न वाचताही ते लिहिता येते.

हा दोष केवळ आमच्याकडच्या मुलांचा नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या, त्यांची लेखी मते गोळा केली, आणि 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांची चिकित्सा केली. उत्तम शिक्षण मिळालेली ती मुलेही समोरच्या शब्दांऐवजी मनात आधीपासून साठवलेल्या ठरीव प्रतिक्रिया कवितेवर लादत होती. आमची मुले तेच करतात. फरक इतकाच की, त्यांच्या ठरीव प्रतिक्रिया त्यांच्या स्वतःच्याही नसतात.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ज्या मुलाच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, ज्याचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्याच्या हातून गाइड काढून घेण्याचा आम्हांला काय अधिकार? पाठांतर ही त्याची शिडी आहे. तिच्यावरूनच तो दहावी पार करतो. हे खरे आहे, आणि त्या मुलाची थट्टा करण्याचा कुणालाच अधिकार नाही. परंतु ही शिडी फक्त एकच मजला चढवते. पुढे नोकरीचा अर्ज, ग्रामसभेतले निवेदन, हक्काच्या दाखल्यासाठीची तक्रार लिहायची वेळ येते, तेव्हा गाइड सोबत नसते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले स्वतःच्या वाक्यात मांडता येणे, याची गरज शहरातल्या मुलापेक्षा या मुलाला अधिक आहे.

दुसरी अडचण बोलीची. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ लिहिले की लाल रेघ. तिसऱ्या रेघेनंतर मूल स्वतःचे काही लिहायचे सोडून देते. छापील वाक्य सुरक्षित असते, कारण त्यात चूक नसते. गंमत अशी की, बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांची गाणी घरच्या बोलीतली, ती 1952 मध्ये त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली. त्यांच्या बोलीचे सौंदर्य आम्ही फळ्यावर उलगडून दाखवतो आणि समोर बसलेल्या मुलाच्या बोलीवर रेघा मारतो. प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मुलाला सांगायचे आहे ते कागदावर येऊ द्यावे. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात पाहावे.

परीक्षेआधीच्या महिन्याभराच्या उजळणीतही हे करता येते. कविता दोनदा मोठ्याने वाचावी, प्रश्न झाकून ठेवावेत. मग विचारावे : या ओळीतला कोणता शब्द बदलला तर ओळ मोडेल? त्या एका शब्दाबद्दलची तीन वाक्ये हा रसग्रहणाचा गाभा. तीन मुद्द्यांची चौकट त्याभोवती नंतर उभी करता येते. बातमीसाठी म्हशाची यात्रा घ्यावी. केव्हा, कुठे, काय, कोण हे मुलांना पाठ करावे लागत नाही. औपचारिक पत्रासाठी पंचायत समितीकडे टँकरची मागणी करायला लावावी : पाड्यावर घरे किती, विहीर कधी आटली, मागणी नेमकी कोणती. वैचारिक लेखनात मत मांडण्याआधी पाहिलेल्या तीन गोष्टी लिहिण्याची अट घालावी. मार्चमध्ये शेतात राब भाजला जात असतो. प्रसंगलेखनाला त्याहून जिवंत प्रसंग शोधायला नको. यातले काहीही अभ्यासक्रमाबाहेरचे नाही.

अर्थात हे एकट्या शिक्षकाने करून भागणार नाही. आदर्श उत्तराशी जुळते तेवढेच तपासनीस मोजत राहिला, तर धाडस करून स्वतःचे लिहिणारा मुलगा तोट्यात जाईल आणि पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ गाइडच विकत घेईल. साच्याबाहेरच्या पण कृतीला धरून असलेल्या उत्तराला पूर्ण गुण मिळतात, हे मुलांना प्रत्यक्ष निकालातून कळले पाहिजे.

त्या मुलाला आम्ही निबंध पुन्हा लिहायला सांगितला. दीड पानाचा झाला, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, शेवटी आवाहन नव्हते. विहिरीत उतरताना पाय कुठे ठेवायचा, हे त्याने पाच ओळींत लिहिले होते. चुका आम्ही पेन्सिलीने, समासात दाखवल्या आणि खाली लिहिले : ‘चालते.’ तपासनिसाच्या टेबलावरही ते चालेल, एवढी हमी मात्र आम्ही त्याला देऊ शकलो नाही.