एका दुपारचे दोन सामने

आम्ही राजापेठकर खेळाचे जुने वेडे. १९१४ सालीं निघालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं कबड्डी दाखविली, ही हकीकत ऐकतच आम्ही वाढलों. यंदा आमच्या आळींतील एक कन्या महाविद्यालयाच्या सॉफ्टबॉल-संघांत, म्हणून मातोश्रींसह मैदान गांठलें. एकाच दुपारीं, त्याच दोन संघांचे, लागोपाठ दोन सामने. प्रत्येकाचे सात डाव.

चेंडू हात खालून फिरवून टाकावयाचा, हें पाहून मातोश्री हंसल्या. पण टाकणारी व फटकावणारी यांच्यांत अंतर अवघें ४३ फूट. चेंडू दिसतो न दिसतो तोंच अंगाशीं येतो. दुसऱ्या डावापासून त्या गप्प झाल्या. (हा खेळ १८८७ सालीं शिकागोस एका बंद दालनांत जन्मला, हें त्यांना सांगण्याच्या भरीस आम्ही पडलों नाहीं.)

पहिल्या सामन्याच्या अखेरीस एक सोपा उंच झेल आमच्या कन्येच्या हातून निसटला, दोघी धांवून आल्या आणि सामना गेला. मधल्या विश्रांतींत तिनें पाण्यालाहि हात लावला नाहीं. कर्णधार मुलीनें मात्र तिला पुन्हां त्याच जागीं उभें केलें. आमच्यानें तें झालें नसतें!

दुसरा सामना तिच्या संघानें जिंकला. तिनें फटकेहि चांगले मारले. परंतु सातहि डावांत तिच्याकडे एकहि झेल आला नाहीं. परततांना रिक्षांत ती एवढेंच म्हणाली, “एक तरी यायला हवा होता हो, काका.” मातोश्रींनीं तिचा हात धरला, तो राजापेठ येईपर्यंत सोडला नाहीं.