आमच्या घरी ईडी!

वयाची तिशी जवळ आली की कुटुंबात तुमचं प्रमोशन होतं. पगारवाढ शून्य, जबाबदारी डबल. काल-परवापर्यंत नातेवाइकांचे फोन ‘मग, बार कधी उडवतेस?’ एवढ्यासाठी यायचे. आता ‘आमच्या धाकटीच्या अ‍ॅडमिशनचं जरा बघ ना गं’ असे येतात. तुम्हाला त्यातलं कितपत कळतं, हे कुणी विचारत नाही. रोज हिंजवडीला जाता, अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलता… झालं! तुम्ही एक्स्पर्ट.

माझ्या वाट्याला सध्या मावसबहीण आलीय. बारावी सायन्स, मार्क सॉलिड, आणि बाईसाहेबांना जायचंय अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजात. मावशीला वाटलं, चित्रकला. काकांचा मुद्दा वेगळा होता. ‘आर्ट्‌सच करायचं तर फर्ग्युसनला बसने जाता येतं की!’

तर मंडळी, आधी हा फंडा क्लिअर करू. लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणजे फक्त आर्ट्‌सचं कॉलेज नव्हे. तिथे फिजिक्स असतं, गणित असतं, इकॉनॉमिक्स असतं. स्वार्थमोरसारख्या कॉलेजात तर चक्क इंजिनीअरिंगही आहे. साधारण दोन हजार मुलांचं छोटंसं कॉलेज, जवळपास सगळा भर पदवीच्या शिक्षणावर. त्यामुळे वर्गात प्राध्यापक स्वतः शिकवतात. मुख्य विषय सहसा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा, तोवर गणिताशेजारी इतिहास आणि केमिस्ट्रीशेजारी संगीत घेऊन बघायचं. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर पंधरा दिवसांत आयुष्याची लाइन ठरते. धाकटीला गणित आणि इतिहास दोन्ही आवडतात, हा तिचा एकमेव गुन्हा.

यादी बनवायला बसलो तेव्हा तिने रँकिंगचा तक्ता उघडला आणि वरची दहा नावं उतरवून काढली. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना… मी म्हटलं, ‘यातला एकाचा दुसऱ्याशी फरक सांग.’ गप्प. बरं, रँकिंग म्हणजे काय देवाज्ञा नव्हे. ओरेगनमधल्या रीड कॉलेजने तर १९९५ मध्येच अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या रँकिंगला माहिती देणं बंद केलं. कॉलेज काही बंद पडलं नाही!

मग आम्ही प्रश्नच बदलला. नंबर कितवा, ते सोड. तिथल्या एखाद्या साध्या मंगळवारी तू काय करत असशील? विल्यम्समध्ये ‘ट्युटोरियल’ नावाचा प्रकार आहे. एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. दर आठवड्याला एकाने निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने तो समोरासमोर सोलून काढायचा. मागच्या बाकावर लपायची सोयच नाही, कारण मागचा बाकच नाही. अ‍ॅमहर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षाचा एक छोटा वर्ग सोडला तर सक्तीचे सामायिक विषय नाहीत, म्हणजे स्वातंत्र्य भरपूर आणि गोंधळही भरपूर. स्वार्थमोरमध्ये पहिल्या सत्राला फक्त पास किंवा नापास, ग्रेड नाही. नवख्या पोरांना श्वास घ्यायला जागा. आणि पत्ताही बघायचा बरं का! ग्रिनेल आयोवातल्या एका छोट्याशा गावात आहे, मकॅलेस्टर सेंट पॉल शहरात. ज्या मुलीला रात्री अकरा वाजता भुर्जीपाव लागतो, तिने हे आधीच बघितलेलं बरं.

दहा नावांची सहा झाली. एकूण मस्त चाललं होतं… आणि मग घरी ईडी आली.

म्हणजे झालं असं, की धाकटी जेवताना सहज म्हणाली, ‘बाबा, नोव्हेंबरमध्ये ईडी करायची म्हणतेय.’ काकांचा घास हातातच राहिला. मग खुलासा झाला. ईडी म्हणजे अर्ली डिसिजन. नोव्हेंबरमध्ये एकाच कॉलेजला अर्ज करायचा, डिसेंबरच्या मध्यावर निकाल. मात्र अट अशी की, घेतलं तर जायचंच. बाकीचे सगळे अर्ज मागे. त्या करारावर विद्यार्थ्याबरोबर पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाचीही सही लागते. थोडक्यात, साखरपुडा. आणि तोही समोरच्या घरचा हिशोब पुरता कळायच्या आत.

कारण हिशोब असा आहे. या कॉलेजांचा फी, राहणं, जेवण मिळून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. आजच्या भावाने सत्तर लाखांच्या आसपास. चार वर्षांचे पावणेतीन कोटींच्या पुढे. हे आकडे मी काकांना सांगितले तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

यावर एका कन्सल्टंटने मावशीला दिलेला सल्ला ऐका. म्हणे, फॉर्मवर आर्थिक मदत मागूच नका, चान्स वाढतो! गंमत म्हणजे यात तथ्य आहे, आणि खरा घोळ तिथेच आहे. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत ‘नीड-अवेअर’ असतात. म्हणजे तुम्ही किती मदत मागताय हे प्रवेश ठरवताना बघितलं जातं. स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल यांतलीच; पण एकदा घेतलं, की कुटुंबाची जेवढी गरज त्यांच्या हिशोबात सिद्ध होते तेवढी पूर्ण भागवतात. उलट अ‍ॅमहर्स्ट आणि २०२२ पासून बोडन ही ‘नीड-ब्लाइंड’ आहेत. परदेशी मुलांचीही निवड करताना ती पैशाचा विचार करत नाहीत, आणि गरजही पूर्ण भागवतात. अशी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

आता कन्सल्टंटचं ऐकून ‘मदत नको’ म्हटलं आणि प्रवेश मिळाला, तर? बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर नंतर मागता येत नाही. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे पैसे दाखवाल हो. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याचं काय? काका म्हणाले, ‘तळेगावचा प्लॉट आहे.’ वीस वर्षं हप्ते भरून घेतलेला प्लॉट. तो विकून दोन वर्षंही निघाली नसती, हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळत होतं. बोलायला मात्र कुणी तयार नव्हतं. आपल्याकडे पोरांच्या शिक्षणाच्या बाबतीत ‘परवडत नाही’ हा शब्द शिवीसारखा वाटतो. मग तो उच्चारायचं काम थोरल्या भावंडांनी करायचं. मी उच्चारला. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटीचाच फोन आला. ‘ताई, वर्षाला किती देऊ शकतो ते बाबांना विचारलं. त्यांनी आकडा सांगितला.’ अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड वाक्य ते होतं, आणि ते बोलली कोण, तर सतरा वर्षांची मुलगी. त्या आकड्यावरून यादी पुन्हा केली. ईडी नीड-ब्लाइंड कॉलेजला, मदत उघडपणे मागून. तिथेही मदतीचा आकडा खरोखरच पुरला नाही, तर करारातून सुटता येतं, हे काकांना तीनदा वाचून दाखवलं. नीड-अवेअरपैकी दोन जानेवारीच्या नेहमीच्या फेरीत. आणि सोनीपतचं अशोका व पुण्यातलंच फ्लेम, हे दोन्ही मनापासून. ‘नाहीच कुठे झालं तर’ म्हणून नाही! वरच्या कॉलेजांत शंभरातल्या दहांनाही प्रवेश मिळत नाही. त्यामुळे यादीतलं शेवटचं नावसुद्धा असं हवं, जिथे तुम्ही हसत जाल. नाहीतर ती यादी नाही, लॉटरीची तिकिटं.

राहता राहिला निबंध. कॉमन अ‍ॅपवरच्या मुख्य निबंधाला मर्यादा ६५० शब्दांची. मावशी म्हणाली, ‘तू लिहितेस ना छापून येण्यासारखं? मग हिचंही लिहून टाक.’ कन्सल्टंटकडे एक तयार साचा होता: खेड्यातल्या मुलांना शिकवलं आणि माझं आयुष्य बदललं. धाकटी त्या खेड्यात जेमतेम दीड दिवस होती, त्यातला अर्धा फोटोंमध्ये गेला. मी लिहून देणार नाही म्हटलं. फक्त प्रश्न विचारले. शेवटी तिने लिहिलं सोसायटीच्या टँकरच्या वहीबद्दल. उन्हाळ्यात रोज किती टँकर आले ते ही पोरगी गॅलरीतून मोजून वहीत लिहायची. महिनाअखेरीला बिलातला आकडा आणि वहीतला आकडा जुळला नाही, तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्या काकालोकांसमोर उभी राहिली. वाचून मला पहिल्यांदा वाटलं, अरे, ही मुलगी दोनच जणांच्या वर्गात बसू शकेल. माझ्या हातून हे आलंच नसतं. माझ्या इंग्रजीत कॉमा जास्त बरोबर पडले असते, एवढंच.

आता नोव्हेंबरचा अर्ज तयार आहे. सहीच्या जागी काकांनी सही केलीय, करार दोनदा वाचून, चष्मा पुसून. काय होईल ते डिसेंबरमध्ये कळेल. प्लॉट जागेवर आहे.

तुम्हालाही असा एखादा फोन येणारच आहे. आला की रँकिंगचा तक्ता उघडू नका. आधी घरच्यांना आकडा विचारा आणि मग पोरांना त्यांचा मंगळवार. दोन्ही उत्तरं मिळाली की यादी अर्ध्या तासात होते. फक्त पहिल्या प्रश्नानंतर दोन दिवस कुणी तुमच्याशी बोलणार नाही, याची तयारी ठेवा. ते प्रमोशनमध्येच धरलेलं असतं, बॉस!